आखूड चरबी आणि दहाची कॉफी

इर्सा हालेनने विचारलं तेव्हा मी नाही म्हणणार होतो. पण नाही कसं म्हणावं याचा विचार करेपर्यंत तिने माझं नाव यादीत लिहून टाकलं होतं.

मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो. हॉस्पिटलच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त झाल्यावरही रोज तिथेच जाऊन बसत होतो, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते मला सुचलं नव्हतं. इर्सा तिथे जुने शोधनिबंध शोधायला यायची. तिशीची, उंच, कायम घाईत. तिच्या अंगाला खवट लोण्याचा वास यायचा. तो तिचा दोष नव्हता. ती ज्या चरबीवर प्रबंध लिहीत होती तिचाच तो वास. तिला स्वतःला तो येईनासा झाला होता. बसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसत नसे. पण आमच्याकडे, दक्षिण स्वीडनमधल्या स्कोनेत, अनोळखी माणसाच्या शेजारी तसंही कोणी बसत नाही, त्यामुळे ही गोष्ट तिच्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

तिचा विषय मला जेवढा समजला तेवढा सांगतो. ज्यांना तोंडाने जेवता येत नाही त्यांना सलाइनमधून साखर देतात, तशी चरबीही देतात. नेहमीची चरबी लांब साखळीची असते. तिला पेशीच्या भट्टीत आपणहून शिरता येत नाही. हात धरून आत नेणारा कोणीतरी लागतो. फार आजारी माणसाच्या शरीरात असे हात धरणारे कमी पडतात आणि चरबी दारातच ताटकळत राहते. लोण्यात थोडीशी सापडते ती आखूड साखळीची चरबी. ती दार न वाजवता सरळ आत जाते. काही तासांत जळून मोकळी होते, आणि यकृत तिच्यापासून जे लहानसं इंधन बनवतं ते हृदय, स्नायू, अगदी मेंदूसुद्धा वापरतो. मला लांब चरबी जास्त जवळची वाटली. कोणी हात धरून नेल्याशिवाय मीही आयुष्यात कुठे आत गेलेलो नाही.

इर्साचा प्रश्न साधा होता: ही आखूड चरबी म्हातारी माणसं तरुणांसारखीच जाळतात का? सहा तरुण आणि सहा म्हातारे, सगळे धडधाकट. प्रत्येकाला सहा तास सलाइन लावायचं. त्या चरबीतला कार्बन नेहमीपेक्षा किंचित जड असे, म्हणजे खूण केलेला. चरबी जळली की तो श्वासावाटे बाहेर पडणार. दिलेल्यातला किती बाहेर आला ते तळघरातलं मोठं यंत्र टक्क्यांत सांगणार. तरुण सगळे झाले होते, म्हातारे पाच झाले होते. सहावा मी.

आणि तिला घाई होती. मे महिना लागला होता. आमच्याकडे प्रबंध छापून आला की विद्यापीठाच्या फळीवर खिळा ठोकून तो टांगतात आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी जाहीर परीक्षा होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सगळा देश सुट्टीवर जातो आणि ऑगस्टपर्यंत विद्यापीठात कबुतरांशिवाय कोणी नसतं. इर्साला उत्तरेला उमेओत नोकरी मिळाली होती, एक ऑगस्टपासून, पदवी हातात असेल तरच. म्हणजे खिळा मे संपायच्या आत ठोकला गेलाच पाहिजे. ठोकला नाही तर नोकरी दुसऱ्याची.

माझ्या दिवशी मी रात्रभर उपाशी राहून सकाळी सातला हजर झालो. सूचनांचा कागद चार वेळा वाचला होता. त्यात एकच वाक्य ठळक होतं: पाण्याशिवाय काहीही घेऊ नये. हाताला सलाइन लागलं. चीज झाकून ठेवतात तसलं पारदर्शक झाकण डोक्यावर आलं. आत माझाच श्वास मला ऐकू येत होता आणि तो फार आगाऊ वाटत होता.

दर तासाला झाकण काढून दहा मिनिटं विश्रांती असे. दहा वाजता मात्र अर्धा तास, कारण तेव्हा इर्सा श्वासाच्या नळ्या घेऊन तळघरात जायची. मागे राहायची सिस्टर गुल्लेवी.

गुल्लेवी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, गोल, गुलाबी, आणि तिच्या हातात ट्रे होता. ट्रेवर कॉफी होती आणि एका बशीत चॉकलेटचे छोटे डोंगर रचले होते.

आमच्याकडे दहाला कॉफी होते. ऑपरेशन चालू असेल तर सर्जन सुरी ठेवत नाही एवढंच. बाकी सगळं थांबतं.

मी म्हणालो, नको, आभार. कागदावर तसं लिहिलं आहे. गुल्लेवी म्हणाली, कॉफी म्हणजे पाणीच असतं. मी दुसऱ्यांदा म्हणालो, खरंच नको. तेव्हा ती हसली, आणि मला कळलं की माझं चुकलं. कारण आमच्या पिढीत पाहुण्याने दोनदा नाही म्हणायचं असतं. पहिल्यांदा नम्रता म्हणून, दुसऱ्यांदा हावरट दिसू नये म्हणून. तिसऱ्यांदा जो नाही म्हणतो त्याला यजमानाच्या स्वयंपाकघराबद्दल काहीतरी म्हणायचं असतं. मी दोन नकार विज्ञानासाठी खर्च केले होते आणि तिने ते शिष्टाचारात जमा धरले होते.

"घे रे एव्हर्ट," ती तिसऱ्यांदा म्हणाली. "मी पहाटे पाचला उठून केलेत."

मी चार खाल्ले. वर कुरकुरीत, आत चिकट. काय घातलंय असं मी सभ्यपणे विचारलं आणि तिने तितक्याच सभ्यपणे सांगितलं: कॉर्नफ्लेक्स, चॉकलेट, थोडं लोणी. साडेदहाला इर्सा परत आली तेव्हा माझ्या मिशा पुसलेल्या होत्या.

तीन दिवसांनी आकडा आला. तरुणांची सरासरी सदुसष्ट. आधीच्या पाच म्हाताऱ्यांचे आकडे सत्तरच्या पुढे. माझा त्र्याऐंशी. इर्साने मला ग्रंथालयात गाठलं आणि सगळ्यांसमोर मिठी मारली. लोण्याचा वास आला. ती म्हणाली की म्हातारी माणसं ही चरबी तरुणांपेक्षा चांगली जाळतात हे आता स्पष्ट झालंय, आणि असं जगात कोणालाच वाटलं नव्हतं. तिचे मार्गदर्शक प्रोफेसर ब्रुंडिन तर शेवटचं प्रकरण नव्याने लिहा म्हणत होते.

मला आनंद झाला. मग, सवयीने, मी वाचायला बसलो. माझ्या शरीरात नेमकं काय झालं ते समजावं म्हणून त्या जड कार्बनवरचे निबंध काढले. तिसऱ्या निबंधात चौथ्या पानावर तळटीप होती. मका आणि ऊस यांच्यात हा जड कार्बन निसर्गतःच जास्त असतो; गहू, बटाटा, बीट यांच्यात कमी. म्हणून चाचणी चालू असताना मक्याचा कोणताही पदार्थ खाल्ल्यास श्वासातला आकडा खोटा वाढतो.

मी तळटीप पुन्हा वाचली. आयुष्यभर मी तळटिपांवर प्रेम केलं होतं.

खाणं हाच गुन्हा होता, हे मला माहीत होतं. पण मी मनात धरलं होतं की प्रश्न चरबीचा आहे आणि चार चिमुकल्या डोंगरांनी चरबीला काय होणार. आता कळलं की सगळ्या बेकरीत नेमका तोच एक पदार्थ मी निवडला होता जो यंत्राला चरबीच वाटेल. बीटच्या साखरेचा बन खाल्ला असता तर कदाचित कोणाला पत्ताही लागला नसता.

सांगायला हवं होतं. मी सांगायला गेलोही.

पहिल्यांदा तिच्या खोलीपर्यंत गेलो. ती टंकलेखन यंत्रावर शेवटचं प्रकरण बडवत होती. तिने वर पाहिलं, हसली, आणि मी तिला सोबत नेलेलं पुस्तक दिलं. ते पुस्तक तिला नको होतं. ते मधमाश्यांवर होतं.

दुसऱ्यांदा पत्र लिहिलं. पहिला मसुदा पाच पानांचा झाला, म्हणून आखूड केला. दुसऱ्यात स्वतःला फारच दोष दिलाय असं वाटलं, तिसऱ्यात गुल्लेवीला. चौथा मसुदा संतुलित होता. पेटीत टाकल्यावर आठवलं की त्यात फक्त परतीच्या टॅक्सीबद्दल आभार मानले होते.

तिसऱ्यांदा सरळ प्रोफेसर ब्रुंडिनना फोन केला. आमच्याकडे आता राजा सोडून सगळे सगळ्यांना तू म्हणतात, पण ते मला कधी जमलं नाही; मी अजून जुन्या पद्धतीने, समोरचा खोलीत नसल्यासारखा बोलतो. "प्रोफेसरांना दोन मिनिटं वेळ आहे का?" असं मी विचारलं. त्यांनी वीस मिनिटं घेतली. वय वाढतं तसं यकृत शहाणं होतं, असा त्यांचा सिद्धांत होता. ते स्वतः चौसष्टचे होते. शेवटी त्यांनी मला परीक्षेनंतरच्या मेजवानीचं निमंत्रण दिलं आणि मी आभार मानले.

बुधवार उजाडला. गुरुवारी सकाळी प्रबंध छापखान्यात जाणार होता.

मी हॉस्पिटलच्या अंगणातल्या बाकावर बसून वाक्य पाठ करत होतो. तिथे हिल्डिंग आला. हिल्डिंगने चाळीस वर्षं साखर कारखान्यात बीट उकळले होते. म्हाताऱ्यांमधला तो दुसरा नंबर. रक्तदाब दाखवायला आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने मला कोपराने ढोसलं.

"काय रे, तुलाही मिळाले ना ते डोंगर?"

मी म्हणालो, कोणते डोंगर.

"आता सोंग नको करूस. चॉकलेटचे. मला तर वाटलं ते उपचारातच आहेत. सात हाणले मी."

त्याने असंही सांगितलं की त्याच्या ओळखीच्या तिसऱ्या नंबरच्या बाईंनी दोनच घेतले होते, कारण त्यांची कवळी सैल होती.

मी उठलो. एक माणूस चुकला असता तर त्याला गाळून अकरा उरले असते आणि प्रबंध कसाबसा उभा राहिला असता. पण सगळ्याच म्हाताऱ्यांनी कॉफी घेतलेली दिसत होती. म्हणजे म्हाताऱ्यांचं शहाणं यकृत वगैरे काही नव्हतंच. नुसते कॉर्नफ्लेक्स होते.

इर्सा तळघरात यंत्रापाशी होती. मी पाठ केलेलं वाक्य दारातच विसरलो.

"इर्साला एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "मी खाल्लं."

"काय खाल्लंस?"

"दहाच्या कॉफीबरोबर. सलाइन चालू असताना. कॉर्नफ्लेक्सचं होतं."

यंत्र घुमत होतं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग कोणताच रंग राहिला नाही. मला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती?" तिने विचारलं.

"चार."

"बाकीच्यांनी?"

"हिल्डिंग सात म्हणतो. तिसऱ्या बाईंनी दोन."

तिने पेन्सिल घेतली. मग फोन उचलला आणि उरलेल्या तिघांना एकेक करून विचारलं, अगदी हवापाण्याची चौकशी करावी तसं. एकाने तीन, एकाने पाच. शेवटच्या गृहस्थांनी आधी काहीच खाल्लं नाही असं सांगितलं, मग एक, आणि ती नुसती गप्प राहिल्यावर सहा. तिने आलेखाचा कागद ओढला. आडव्या बाजूला डोंगर, उभ्या बाजूला टक्के. सहा ठिपके मांडले. पट्टी लावायची गरजच नव्हती. दोन डोंगर, पंच्याहत्तर; चार, त्र्याऐंशी; सात, पंच्याण्णव. सगळे एका ओळीत उभे होते.

तिने त्या रेषेवरून पेन्सिल एकदा फिरवली.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "इतकी सुंदर रेषा मला एकदाही मिळाली नव्हती."

मग ती खाली फरशीवर बसली आणि रडली. मी शेजारी उभा होतो. अशा वेळी खांद्यावर हात ठेवतात हे मी वाचलं होतं. मी हात पुढे केला, पण मध्येच यंत्राच्या झाकणावर ठेवला. ते गरम होतं.

गुल्लेवीला पश्चात्ताप नव्हता. सहा तास उपाशी म्हाताऱ्या माणसाला दहाला कॉफी न देणं याला तुमच्यात विज्ञान म्हणत असतील तर म्हणा, असं तिने ऐकवलं. तरुणांनाही विचारलं होतं. ते पहिल्यांदाच नको म्हणाले, भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि अशांना ती दुसऱ्यांदा विचारत नाही. "म्हातारे कसे, दोनदा नाही म्हणाले आणि मग पोटभर खाल्लं. चांगल्या घरची माणसं."

ब्रुंडिननी बातमी ऐकली तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं. सिद्धांत गेल्याचं त्यांना माणूस गेल्यासारखं दुःख झालं असावं. मग ते कामाला लागले, आणि एवढं मात्र मान्य करायला हवं की कामाचे ते पक्के होते. छापखान्याकडून सात दिवस मागून घेतले. सात दिवसांत सहाही म्हाताऱ्यांची चाचणी पुन्हा करायची, रोज एक, शनिवार-रविवार धरून. प्रत्येकाचा आकडा या वेळी त्याच संध्याकाळी काढायचा. एकजण जरी आला नाही तरी सगळं फसलं.

पाचजण तयार झाले. हिल्डिंग नाही म्हणाला.

इर्साने फोन केला, ब्रुंडिननी केला. हिल्डिंगचं एकच म्हणणं होतं: कॉफीशिवाय तो शेवटचा सहा तास राहिला तेव्हा त्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता. शेवटी इर्सा माझ्याकडे आली. तिने काही मागितलं नाही. फक्त हिल्डिंगचा पत्ता टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

मी आयुष्यात कोणालाही कशासाठी राजी केलेलं नाही. बस पकडली, दोन थांबे पुढे गेलो, परत चालत आलो. हिल्डिंगने दार उघडलं, अर्थातच कॉफी ठेवली, आणि मी दोनदा नाही म्हणून प्यायलो. मग तो बीटबद्दल बोलू लागला. शरदात गाड्या कशा यायच्या, गोठलेला बीट कसा ओळखायचा, पाक कधी दाणे धरतो. एकतीस वर्षं मी लोकांना पुस्तकं शोधून दिली होती. ऐकून घेणं तेवढं मला येत होतं. दोन तास झाले. संध्याकाळ झाली तेव्हा त्याने विचारलं, "तू आलास कशाला होतास?"

मी सांगितलं. त्या पोरीची नोकरी जाईल, असंही सांगितलं.

"तू असशील का तिथे?"

"असेन."

"मग उरलेलं तिथे सांगतो. अजून सुकवण्याचं राहिलंय."

चरबी वाहत असताना त्याने झाकणाआड बोलायचं नव्हतं, पण ते मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. चाचणीच्या दिवशी विश्रांतीच्या दहा-दहा मिनिटांत तो बोलत राहिला. दहा वाजता इर्सा नळ्या घेऊन खाली गेली. मी दाराबाहेर खुर्ची टाकली होती. जिन्यावरून कपबशांचा आवाज आला.

गुल्लेवीला मनाई झाली होती. पण तिच्या मते मनाई डोंगरांना होती. आज तिने साधे बन आणले होते, बीटच्या साखरेचे, आणि त्याने यंत्राला काही होत नाही हे तिने स्वतः ब्रुंडिनच्या तोंडून ऐकलं होतं.

मी म्हणालो, नको. आतून हिल्डिंगने मान उचलल्याचं दाराच्या काचेतून दिसलं.

ती म्हणाली, निदान वास तरी घेऊ दे त्याला. मी म्हणालो, खरंच नको.

ती थांबली. मीही थांबलो. तिने ट्रे थोडा पुढे केला. बन अजून कोमट होते, वेलचीचा वास येत होता. मी बहात्तर वर्षं ज्या बाजूने गेलो नव्हतो त्या बाजूला बघत होतो आणि तिथे रस्ता आहे की नाही तेच दिसत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "गुल्लेवी, तू आत जायचं नाहीस."

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिच्या आईच्या भांड्यांना नावं ठेवली होती. मग ती समोरच्या खुर्चीवर बसली, ट्रे मांडीवर घेतला, आणि एक बन, अगदी सावकाश, माझ्यासमोर खाल्ला. मग दुसरा. काचेपलीकडे हिल्डिंगचे डोळे पाणावले होते. साडेदहा झाले तेव्हा चार संपले होते आणि ती मला म्हणाली की मी ग्रंथालयातच बसून राहिलो असतो तर जगाचं बरं झालं असतं. मला ते बरोबर वाटलं. पण मी उठलो नाही.

सहावी चाचणी माझी होती. झाकणाखाली सहा तास काढले. पाण्याने पोट गुडगुडत होतं. बुधवारी संध्याकाळी आम्ही तळघरात जमलो. इर्सा यंत्राच्या कागदावर वाकली होती. ब्रुंडिन कोट न काढता उभे होते.

म्हाताऱ्यांची सरासरी पासष्ट आली. तरुणांची सदुसष्ट होतीच.

"फरक नाही," इर्सा म्हणाली. तिने पुन्हा बेरीज केली. "काहीच फरक नाही. म्हातारी माणसं तरुणांसारखीच जाळतात."

हे सगळ्यांना आधीपासून वाटतच होतं, असं ब्रुंडिन म्हणाले, पण हळू आवाजात. इर्साने कागद घडी करून पिशवीत घातले. उद्या सकाळी आठला छापखाना, शुक्रवारी खिळा. ती हसत होती की फक्त दमली होती हे मला ओळखता आलं नाही. जिन्यापाशी मी विचारलं, माझा आकडा किती आला.

तिने पिशवीतून कागद पुन्हा काढला आणि दिव्याखाली धरला. "एकसष्ट. सगळ्यांत कमी." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "एव्हर्ट, चांगला आकडा आहे. खरा आहे."

मी हो म्हणालो. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली, खवट लोण्याच्या वासासकट, आणि दोन थांबे जायच्या आत झोपली.